फिर्यादी काकांचं कुलूप

फिर्यादी काकांनी बाकावरची उशी सरकवली आणि किल्लीवाल्याला म्हणाले, "बैस. तुझी कंबर धरलीय ते दिसतंय मला. मी राहीन उभा जरा."

"काका, तुम्ही बसा हो. मी आरोपी माणूस, मला उभं राहायची सवय आहे."

"सवय मलाही झालीय," असं म्हणत काका उशीच्या एका टोकाला टेकले आणि दुसरं टोक त्यांनी हातानं थोपटलं. मग किल्लीवालाही बसला.

कोर्टात कधी न गेलेल्याला हे बघून चक्कर येईल. फिर्याद एकाची, आरोप दुसऱ्यावर, आणि दोघांची बुडं एकाच उशीवर. पण नऊ वर्षं एका बाकावर काढली की वैर टिकत नाही. वैर टिकवायला वेळ लागतो, ताकद लागते, आणि ती दोन्ही कोर्टच खाऊन टाकतं. पहिली दोन वर्षं हे दोघं बाकाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसायचे. मग एका उन्हाळ्यात दोघांच्याही लक्षात आलं, की या व्हरांड्यातल्या पंख्याचा वारा बाकाच्या फक्त मधल्या भागावर येतो. तिथून बोलणं सुरू झालं. आता तर किल्लीवाला तारखेहून घरी आला की त्याची बायको आधी विचारायची, "तुमच्या फिर्यादींचा खोकला कसाय?"

आज ती स्वतःच आली होती. नवऱ्याच्या पलीकडे, बाकाच्या कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. सकाळी घरातून निघताना तिनं एवढंच म्हटलं होतं, "आज काहीही घेऊन येऊ, पण तारीख घेऊन यायची नाही."

कारण आज नेहमीची तारीख नव्हती. वकीलबाईंनी अर्ज दिला होता. खटला वेळेत चालवून घेणं हा आरोपीचा हक्क आहे, तो इथं पार धुळीला मिळालाय, तेव्हा हा खटलाच बंद करा, असा तो अर्ज. त्यावर आज निकाल होता. बाईंनी तीनदा बजावलं होतं, फार आशा ठेवू नका. असं सांगून आशा कमी होत असती तर काय हवं होतं.

मुळात घडलं होतं ते इतकंसं. बायको गेल्यावर काकांचं आणि त्यांच्या एकुलत्या मुलीचं कशावरून तरी बिनसलं. कशावरून, ते आज विचारलं तर दोघांनाही धड सांगता येणार नाही. मुलगी घर सोडून गेली, काकांनी रागानं दाराचं कुलूप बदललं. काही दिवसांनी काका बाहेर गेलेले असताना मुलगी आली. तिची किल्ली लागेना. तिनं कोपऱ्यावर टेबल टाकून बसणाऱ्या किल्लीवाल्याला बोलावून आणलं, माझंच घर आहे म्हणाली, आणि त्यानं दार उघडून दिलं. आईची कानातली आणि आईचं शिवणयंत्र घेऊन ती गेली.

काका परतले. उघडं कपाट बघितलं आणि चप्पलही न काढता तडक पोलीस चौकीत गेले. त्यांना वाटलं, पोलीस पोरीला दोन शब्द सुनावतील, ती वठणीवर येईल आणि संध्याकाळपर्यंत घरी परत येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोलिसांनी सुनावलं कुणालाच नाही, फक्त लिहून घेतलं. घरफोडी, आरोपी दोन. एक नंबर मुलगी, दोन नंबर किल्लीवाला. मुलगी दूरच्या शहरात निघून गेली होती, तिच्या नावाचं वॉरंट निघालं. आली की अटक, म्हणून ती आली नाही. किल्लीवाला कुठं जाणार? त्याचं टेबल होतं तिथंच होतं.

वर्ष उलटायच्या आत काकांचा मुलीवरचा राग उतरला. फिर्याद मागे घ्यायला ते सरकारी वकिलांकडे गेले, तर ते म्हणाले, "आजोबा, ती आता तुमची राहिलेली नाही, सरकारची झाली. आणि तडजोड करायची तरी कुणाशी? आधी एक नंबरला हजर करा." एक नंबर हजर झाली की आधी कोठडीत जाणार. झालं, घोंगडं भिजत पडलं. गेली काही वर्षं मुलगी रविवारी फोन करायची, आणि बापलेक बराच वेळ हवेबद्दल बोलायचे.

किल्लीवाल्याला जामीन मिळाला तो एका अटीवर. खटला संपेपर्यंत कुलूपकिल्लीच्या कामाला हात लावायचा नाही. त्याची हत्यारांची चामडी पिशवी पुरावा म्हणून कोर्टाच्या कोठारात गेली. तो बॅगांच्या दुकानात लागला. फाटलेल्या चेनी बदल, चाकं बसव, मुठी ठोक. काम वाईट नव्हतं, पण ते त्याचं नव्हतं. एखादं गिऱ्हाईक नंबरचं कुलूप अडकलेली बॅग घेऊन आलं, की तो दोन्ही हात खिशात घालायचा आणि मालकाला हाक मारायचा. मालकाला उघडता यायचं नाही, तो सरळ कुलूप कापायचा. किल्लीवाल्याला ते बघवायचं नाही. तेवढ्यापुरता तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचा.

शिपायानं पुकारा केला. तिघंही उठली. वकीलबाई आतूनच मान हलवून या म्हणाल्या.

न्यायाधीश नवीन होत्या. या खटल्यानं इतके न्यायाधीश बघितले होते, की किल्लीवाला आता चेहऱ्याकडे बघतच नसे, पेनाकडे बघायचा. पेन कागदावर टेकून लगेच उचललं, की समजायचं, तारीख. आज पेन बाजूला ठेवलेलं होतं आणि बाई फाईल वाचत होत्या. नुसती चाळत नव्हत्या, खरोखर वाचत होत्या.

"किती साक्षीदार झाले?" त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं.

"एक, मॅडम. फिर्यादी स्वतः. त्यांचीही उलटतपासणी बाकी आहे."

"तपास अधिकारी?"

"निवृत्त झाले. नंतर वारले."

"शेजारी राहणाऱ्या बाई आहेत ना साक्षीदार? त्यांनी याला दार उघडताना बघितलं म्हणे."

"त्या पत्त्यावर सापडत नाहीत, मॅडम. समन्स दरवेळी परत येतं."

काकांनी तोंड उघडलं, मग मिटलं. कोर्टात विचारल्याशिवाय बोलायचं नसतं हे ते फार महाग शिकले होते.

"एक शेवटची संधी मिळावी," सरकारी वकील म्हणाले. "लांबची तारीख नको. लवकरचीच द्या."

किल्लीवाल्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. 'शेवटची संधी' हे शब्द तिनं नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते, की स्वयंपाकघरात काही करपलं तरी ती म्हणायची, एक शेवटची संधी देऊ का.

न्यायाधीशबाईंनी फाईल मिटली. "हे वाक्य या फाईलमध्ये प्रत्येक पानावर आहे," त्या म्हणाल्या. "हा माणूस एकही तारीख चुकलेला नाही. साक्षीदार येत नाहीत, कागद येत नाहीत, आणि हा येतोय. गुन्हा सिद्ध झाला असता तरी एवढी शिक्षा झाली नसती." मग त्यांनी काकांकडे बघितलं. "फिर्यादी तुम्हीच ना? तुमचं काही म्हणणं आहे?"

काका उभे राहिले. समोरचा लाकडी कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"काही नाही, मॅडम," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "म्हणजे आहे. बंद करा हे. दोघांवरचंही बंद करा."

पेन उचललं गेलं. किल्लीवाल्याचं लक्ष त्याच्या टोकावरच होतं. ते कागदावर टेकलं आणि उचललं गेलं नाही. एक ओळ झाली, दुसरी झाली, पान उलटलं. बाई लिहिता लिहिता मोठ्यानं सांगत होत्या. अवाजवी विलंब, आरोपींचा कोणताही दोष नाही, दोन्ही आरोपींविरुद्धची कारवाई संपुष्टात, वॉरंट रद्द. वकीलबाईंनी मागे वळून किल्लीवाल्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी खाली वाकून उगीचच फाईलची दोरी बांधायला घेतली.

तिघंही बाहेर आली. किल्लीवाल्याची बायको बाकाशी गेली, बसली, आणि तिथंच ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. "जीव भांड्यात पडला हो," ती म्हणाली. "नऊ वर्षं नुसता वरच्यावर लोंबकळत होता." किल्लीवाला तिच्याजवळ उभा होता. त्याला फार हलकं वाटत होतं, इतकं की पाय नीट टेकतायत की नाही याचाच भरवसा वाटेना. त्यानं भिंतीला हात लावला.

"आणि माझी पिशवी?" त्यानं वकीलबाईंना विचारलं.

"ती लगेच नाही मिळायची. अपिलाची मुदत संपू दे, मग अर्ज करू. त्यावर ते देतील..." बाई थांबल्या.

"तारीख," किल्लीवाला म्हणाला, आणि आता सगळेच हसले.

काका मात्र जिन्याच्या कठड्याशी जाऊन फोनवर बोलत होते. त्यांची पाठ इकडे होती. "अगं, केस संपली," असं त्यांनी दोनदा सांगितलं. "हो, तुझीपण. रद्द म्हणाल्या. मी कानांनी ऐकलं." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. परत आले तेव्हा चष्मा त्यांच्या हातात होता.

"शनिवारी येतेय," ते म्हणाले. "म्हणाली, बाबा, जुनी किल्ली अजून माझ्या जुडग्यात आहे. मी म्हटलं, असू दे." चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि किल्लीवाल्याकडे बघितलं. "तुला वेळ आहे का रे? जुनं कुलूप मी टाकलेलं नाही. ते परत बसवायचंय."

किल्लीवाल्याचे हात आपोआप खिशाकडे गेले. बायकोनं ते बघितलं आणि त्याचं एक मनगट धरून ठेवलं. "वेळच वेळ आहे त्यांना," ती म्हणाली. "आज दुकानात रजा टाकलीय. पण काका, हल्लीच्या कुलपाचीच एक किल्ली पोरीला दिली तर नाही का चालणार? खटपट वाचेल."

"नको. ती तिची किल्ली घेऊन येतेय. ती फिरली पाहिजे."

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना किल्लीवाल्याला आठवत होतं, की मागच्या खेपेला आपण दोन दोन पायऱ्या चढत आलो होतो. काकांनी दार उघडलं, आत जाऊन कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं कुलूप आणलं आणि त्याच्या हातात दिलं. जुन्या पद्धतीचं लॅच, पितळी. किल्लीवाल्यानं ते उलटंपालटं करून बघितलं, कुलपाची जीभ अंगठ्यानं आत दाबली, सोडली. ती टक् करून बाहेर आली. सांगायला हरकत नाही, त्या आवाजानं त्याचे डोळे भरले.

"पण हत्यार?" तो म्हणाला. "माझ्याकडे काहीच नाही."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोरच्या काकू हातातलं फडकं खांद्यावर टाकत बाहेर आल्या. "काय, झालं का तुमचं कोर्ट?"

"झालं. सुटलो सगळे," फिर्यादी काका म्हणाले. "पण तुम्ही काय, सापडत नाही म्हणे. आज कोर्टात तसं सांगितलं."

"मी? मी कुठं जाणार आहे? मला कुणी बोलावलंच नाही कधी. एकदा वरच्या मजल्यावर कुणी कागद घेऊन आलं होतं, तिथं तर कुलूपच असतं." काकूंनी किल्लीवाल्याकडे बघितलं आणि ओळख पटली तशा जरा ओशाळल्या. "तूच ना तो? तुला मी बघितलं होतं त्या दिवशी."

"बघितलंत ना? मग आता नीट बघा," किल्लीवाला म्हणाला. "आणि घरात स्क्रूड्रायव्हर असला तर द्या."

काकूंनी स्क्रूड्रायव्हर आणला, वर बॅटरीही आणली आणि दाराशी ती धरून उभ्या राहिल्या. नऊ वर्षं उशिरा का होईना, साक्षीदार हजर झाला. किल्लीवाल्यानं दारापुढे बैठक मारली. पहिल्या स्क्रूवरून स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला, दुसऱ्यावरून एकदा. तिसऱ्यापासून हाताला सगळं आठवलं. बायको पायरीवर बसून बघत होती. काका दाराला टेकून उभे होते.

"एक विचारू?" काका म्हणाले. "इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. वकील म्हणायचे, आरोपीशी केसबद्दल बोलायचं नाही."

"मला कुणीच नाही विचारलं, काका. पोलिसांनी नाही, कोर्टानं नाही. माझी पाळीच आली नाही."

"तू तिला दार का उघडून दिलंस? ना ओळख, ना पाळख. कागद तरी मागायचास."

किल्लीवाला थांबला. हे उत्तर त्यानं मनात इतक्यांदा घोकलं होतं, की आता ते सांगताना त्याला लाजल्यासारखं झालं.

"कागद घेऊन कोण फिरतं हो? आम्ही माणूस बघतो. म्हणजे माणूस दारापुढे कसं उभं राहतं ते. परकं माणूस कुलपाकडे बघतं. घरचं माणूस बघतच नाही, त्याचे हात आधी जातात." त्यानं स्क्रूड्रायव्हरनं दाराच्या खालच्या कडेकडे दाखवलं. "तुमचं दार खाली बसलंय. किल्ली लावताना ते जरा उचलावं लागतं. मी यायच्या आधी तिनं किल्ली लावलीच होती, आणि मी आल्यावर परत एकदा लावून दाखवली. तेव्हा तिनं मूठ धरली, गुडघा खाली घातला आणि दार वर उचललं. बोलता बोलता. तिच्या लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, ही इथंच वाढलीय."

काकांनी दाराच्या खालच्या कडेकडे बघितलं. समोरच्या काकूंनी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

"तिची आई ओरडायची," काका शेवटी म्हणाले. "म्हणायची, एकदा सुतार बोलवा, पोरीच्या गुडघ्याला घट्टा पडेल." आणि ते हसले, पण हसू पुरतं झालं नाही. "हे तू आधी सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी..."

"सांगायला बोलावलं असतं तर सांगितलं असतं."

"हो," काका म्हणाले. "खरंय तुझं."

जुनं लॅच जागेवर बसलं. भोकं तीच, स्क्रूही त्याच फडक्यात जपून ठेवलेले, त्यामुळे खटपट अशी पडलीच नाही. किल्लीवाल्यानं उठून हात पँटला पुसले. "किल्ली द्या, फिरवून बघतो."

"माझी नाही. माझी मी बाल्कनीतून फेकली होती तेव्हा. रागात."

"म्हणजे ह्याला एकच किल्ली? पोरीकडची?"

"एकच."

"मग मी दुसरी करून देतो. पिशवी हातात आली की पहिलं काम तुमचं."

"बघू पुढं. घाई नाही."

"अहो, पण तोवर बाहेर जाल तेव्हा काय कराल?" बायको पायरीवरून म्हणाली. "हे लॅच आहे. मागून दार ओढलं गेलं, की तुम्ही जिन्यात."

"कुठं जाऊ?" काका म्हणाले. "भाजी, औषधं समोरून येतात. तारखेशिवाय मी घर सोडायचो तरी कुठं, आणि तारखा तर संपल्या. शिवाय मागच्या खेपेला ती आली तेव्हा मीच बाहेर होतो. या खेपेला घरात बसतो."

किल्लीवाल्यानं दार दोनदा उघडलं, मिटलं. जीभ नीट बसत होती. समोरच्या काकूंना त्यानं स्क्रूड्रायव्हर परत दिला. बायको उठली, पर्स खांद्याला लावली.

"आणि काका, ती आली तरी तुम्ही उठून दार उघडायला जाऊ नका," ती म्हणाली. "तिचं तिला उघडू दे."

"नाही उठत."

दोन पायऱ्या उतरल्यावर किल्लीवाला थबकला आणि मागे वळला.

"फक्त शनिवारी आतून कडी घालू नका," तो म्हणाला. "नाहीतर किल्ली फिरेल, पण दार उघडायचं नाही."

"नाही घालत," काका म्हणाले. "आजपासूनच नाही घालत."